कोरा निघालेला फिल्टर

मामूंच्या गॅरेजात एक पत्र्याचा डबा होता, मूळचा वनस्पती तुपाचा. त्यात ते इंजिनांतून निघालेल्या खराब वस्तू ठेवत. घासलेले बुश, तडकलेल्या रिंगा, दात गेलेली गिअरची चाके. शागिर्दांना शिकवायला हा डबा उपयोगी पडे. त्यात बोटभर लांबीचा नमद्याचा एक फिल्टर होता आणि तो अगदी स्वच्छ होता. खराब वस्तूंच्या डब्यात ही चांगली वस्तू कशाला, असे कुणी विचारले की मामू माझ्याकडे बोट दाखवीत. तो फिल्टर मी आणलेला होता.

मोटारसायकलचा ऑइल फिल्टर कसा निवडावा, असे अलीकडे मला दोघातिघांनी विचारले. मी मेकॅनिक नाही. पण या लहानशा वस्तूमुळे आमच्या घरात एकदा मोठे नुकसान झाले आणि तेव्हापासून तिचा इतिहास मी जमेल तसा वाचत, विचारत आलो आहे. उत्तर द्यायचे तर मला त्या इतिहासातूनच जावे लागते, कारण 'चांगला फिल्टर कोणता' हा प्रश्न गाडी कोणत्या जमान्यातली आहे यावर बदलत गेलेला आहे.

अब्बा शिक्षक होते. शाळा खुलदाबादला, घर औरंगाबादेत, म्हणजे एका बाजूचे अंतर पंचवीस किलोमीटर आणि मध्ये दौलताबादचा घाट. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेली 350 सीसीची एनफिल्ड बुलेट होती. तेव्हा अशा गाड्या बऱ्याच घरांत होत्या. लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी बुलेट पसंत केली आणि त्यातूनच 1955 साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिचची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून एनफिल्ड इंडिया उभी केली. पुढे मद्रासच्या तिरुवोट्टियूरला गाडी बनू लागली. रेडिचचा कारखाना बंद पडला, रॉयल एनफिल्ड ही कंपनीही तिकडे संपली. मद्रासला मात्र तेच इंजिन थोड्याफार फरकाने पुढची कित्येक दशके निघत राहिले. त्यामुळे 1950च्या आसपासच्या इंग्रज इंजिनीअरांनी तेलाचा कचरा काढण्याची जी व्यवस्था योजली होती, तीच 1990च्या दशकात औरंगाबादच्या गल्लीत आमच्या वाट्याला आली.

त्या व्यवस्थेत तेलाचा साठा इंजिनाच्या ओतीव अंगातच एका कप्प्यात. एक पंप तेल पुढे ढकलतो, दुसरा परत आणतो. गिअरबॉक्स वेगळा, त्यातले वंगण वेगळे. क्लच आणि पुढची साखळी यांचे तेलही वेगळे. म्हणजे इंजिनाच्या तेलात फक्त इंजिनाचाच मळ. फिल्टर उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरात, एका झाकणामागे. आत नमद्याची नळी, तिला दाबून धरणारी स्प्रिंग, वॉशर. पंपाने ढकललेले तेल नमद्यातून गाळून क्रँकमध्ये जाते आणि तिथून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक क्रँकला जिथे धरून फिरते त्या जागी. बुलेटच्या बिग एंडला रोलर नव्हते, फ्लोटिंग बुश होता. तेलाच्या केसाहून पातळ थरावर तो तरंगत फिरतो, तेल स्वच्छ आणि भरपूर असले तर वर्षानुवर्षे. कचऱ्याची मात्र त्याला बिलकूल सवय नसते. रोलर बेअरिंग थोडी कुरकुर करून दिवस काढते, बुश काढत नाही.

1997 साली आमच्या बुलेटचे बोअर-पिस्टन केले. मामूंनी इंजिन बसवले आणि बजावले की पाचशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचा, कारण नव्या बोअरची सगळी लोखंडी भुकटी तेव्हाच सुटते. पाचशे झाले तेव्हा मामू लग्नासाठी परभणीला गेले होते. मी कॉलेजात होतो, हात शिवशिवत होते. एका सुट्या भागांच्या दुकानात गेलो, नाव सांगण्याची गरज नाही. मालकाने खोक्यातून वेष्टन नसलेली नमद्याची नळी काढून दिली. बुलेटचीच ना, असे मी विचारले. बुलेटचीच, म्हणाला. जुनी सोबत नेलेली नव्हती, त्यामुळे शेजारी ठेवून पाहण्याचा प्रश्नच आला नाही. घरी येऊन बसवली. मापाला ती किंचित आखूड होती, हे नंतर कळले. झाकण घट्ट लागले, तेल कुठून गळेना, मी खूश.

साधारण आठशे किलोमीटर अब्बा त्या गाडीवर शाळेत गेले. एका सकाळी दौलताबादचा घाट चढताना आतून ठोका येऊ लागला. लोहाराच्या हातोड्यासारखा, इंजिनाच्या तालात. अब्बांनी गाडी बंद केली आणि उरलेला रस्ता एस.टी.ने गेले.

मामूंनी आधी तेल काढले. काळे आणि उन्हात धरले की चकाकणारे. मग फिल्टरचे झाकण उघडले आणि नमदा हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले. मी विचारले, "स्वच्छ आहे ना?"

"हेच तर," ते म्हणाले. "तेल काळे आणि नमदा कोरा. मग कचरा गेला कुठे, बेटा?"

कचरा बिग एंडला गेला होता. आखूड नळीचे टोक नीट बसलेच नव्हते, तेल तिच्या आतून न जाता बाजूने निघून जात होते. इंजिन खोलले तर बुशवर नखाला लागतील असे चरे. क्रँक लेथवर गेला, बुश नवा, वर पुन्हा मजुरी. मामूंनी मजुरी घेतली नाही, तरी सामानाचा खर्च अब्बांच्या पगारात बसणारा नव्हता. पाच महिने ते एस.टी.ने गेले. सकाळच्या गाडीला जागा मिळत नसे. संध्याकाळी घरी यायला अंधार पडे आणि शिकवण्यांची दोन मुले त्यांनी सोडली. मला ते काही बोलले नाहीत. मामू त्यांना म्हणाले, "दुल्हेभाई, चूक माझी. मीच फिल्टर आणून ठेवायला हवा होता." हे ऐकून मला जे वाटले ते आजही लिहिता येत नाही.

फिल्टर ही कल्पना तशी अलीकडची. सुरुवातीच्या मोटारींत आणि मोटारसायकलींत तेल गाळायला फार तर तारेची जाळी असे आणि उपाय एकच, काही शे मैलांनी तेल ओतून टाकणे. 1923 साली अर्नेस्ट स्वीटलँड या अमेरिकन संशोधकाने मोटारीसाठी तेलाचा फिल्टर आणला. हा माणूस मोटारींच्या धंद्यातला नव्हता. खाणी आणि रसायनांच्या कारखान्यांत गाळ वेगळा करण्याची यंत्रे हे त्याचे मूळ क्षेत्र. 'प्युअर ऑइल लेटर', म्हणजे तेल नंतर शुद्ध होते, या तीन शब्दांना जोडून त्याने 'प्युरोलेटर' हे नाव केले. सुरुवातीचे फिल्टर सगळे तेल गाळत नसत, थोडा भाग गाळून परत टाकीत सोडत. इंजिनाला जाणारे सगळेच्या सगळे तेल फिल्टरमधून नेण्याची पद्धत नंतर रुळली. नमदा, कापड यांच्या जागी घड्या घातलेला कागदही नंतरचाच.

सगळे तेल फिल्टरमधून न्यायचे म्हटले की एक नवी अडचण उभी राहते. फिल्टर तुंबला तर इंजिन उपाशी मरेल. हिवाळ्यात पहाटे तेल मधासारखे घट्ट असते, तेव्हाही तेच. म्हणून बायपास व्हॉल्व्ह आला. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबात ठरावीक फरक पडला की तो उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाऊ देतो. हिशेब साधा आहे, गढूळ तेल हे तेल नसण्यापेक्षा बरे. हा व्हॉल्व्ह कुठे फिल्टरच्या पोटात असतो, कुठे इंजिनात. दिसायला सारख्या दोन फिल्टरांपैकी एकात तो असतो आणि दुसऱ्यात नसतो, किंवा वेगळ्या दाबाला उघडतो. मापे जुळली म्हणून फिल्टर जुळला असे होत नाही, ते इथे.

जास्त बारीक गाळणारा फिल्टर म्हणजे जास्त चांगला, हा समजही इथेच मोडतो. कागद बारीक केला आणि त्याचा पसारा तेवढाच ठेवला तर तेलाला अडथळा वाढतो, व्हॉल्व्ह वारंवार उघडतो आणि महागड्या फिल्टरच्या शेजारून गढूळ तेल निघून जाते. आमच्या कोऱ्या नमद्याचीच ही नव्या जमान्यातली आवृत्ती.

आपल्याकडे मात्र बहुतेक लोकांना या कशाचा पत्ता नव्हता आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. 1960पासून म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना, एस्कॉर्ट्सची राजदूत, आणि घरोघरी बजाजची स्कूटर. ही सगळी टू-स्ट्रोक इंजिने. तेल पेट्रोलमध्ये मिसळायचे, ते जळून धुराबरोबर बाहेर जायचे. जे तेल परत फिरतच नाही ते गाळायचे कशाला? पेट्रोल पंपावर "टू-टी टाका" म्हटले की वंगणाचा विषय संपला. एक अख्खी पिढी अशा गाड्यांवर वाढली आणि मिस्त्रींची एक पिढी अशाच गाड्यांवर शिकली. आमच्या भागातली पुष्कळ मुसलमान मुले सातवी-आठवी झाली की गॅरेजात जात. 2006च्या सच्चर समितीच्या अहवालानेही वाहनांच्या विक्री-दुरुस्तीत मुसलमान पुरुषांचे प्रमाण जास्त असल्याचे नोंदवले आहे. उस्ताद जे दाखवील तेच त्यांचे पाठ्यपुस्तक, आणि उस्तादाने बुलेट हाताळली नसेल तर पुस्तकात फिल्टरचा धडाच नाही.

मग 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलला काटकसरी. तिची जाहिरात होती, 'फिल इट, शट इट, फरगेट इट', म्हणजे भरा, बंद करा, विसरून जा. जाहिरात पेट्रोलबद्दल होती. लोकांनी ती तेलाच्या बाबतीतही मनावर घेतली! टू-स्ट्रोकची सवय असलेले गिऱ्हाईक मामूंकडे येई. तेल बदलायचे म्हटले की विचारी, "आत्ताच तर पेट्रोल भरले, त्यात तेल नसते का?" वर्ष-वर्ष तेल न बदललेली इंजिने येत. आत लिटरभराच्याही खाली तेल, तेही डांबरासारखे.

या होंडा इंजिनांत कचऱ्याचा बंदोबस्त फार चतुर आहे आणि तो मला आजही सगळ्यांत आवडतो. कागदाचा फिल्टर नाहीच. खाली तारेची जाळी मोठे तुकडे अडवते. बारीक मळासाठी क्रँकच्या उजव्या टोकाला एक डबी, क्रँकबरोबरच गरगर फिरणारी. तेल तिच्यातून जाताना जड कण भिंतीकडे फेकले जातात आणि तिथेच चिकटतात, मधले स्वच्छ तेल क्रँकमध्ये जाते. ताक घुसळताना काय होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको, फक्त इथे लोणी काळे निघते. ही डबी विकत घेऊन बदलावी लागत नाही, धुवावी लागते. पण त्यासाठी उजवे कव्हर उघडावे लागते, नवे गॅस्केट लागते, अर्धा तास जातो. म्हणून कुणी धूत नसे. मामू धूत. काळे लोणी बोटावर घेऊन, दोन बोटांत चोळून गिऱ्हाइकाला दाखवीत. मऊ लागले तर साधा मळ, खरखरीत लागले तर कुठेतरी लोखंड खाल्ले जाते आहे.

म्हणून स्प्लेंडरवाला मला ऑइल फिल्टर कोणता घेऊ असे विचारतो तेव्हा मी सांगतो की भाऊ, घेऊ नकोस, तुझ्या गाडीत तो नाही. तुझ्या गाडीत जाळी आहे आणि डबी आहे. बिलात 'फिल्टर बदलला' असे लिहून आले असेल तर जुना दाखवा म्हण.

कागदाचा फिल्टर मोटारसायकलवर लोकप्रिय व्हायला होंडाच्याच 1969च्या सीबी 750चा हातभार लागला. त्या चार सिलिंडरच्या गाडीने इंजिनाच्या पुढच्या बाजूला झाकणात कागदी फिल्टर मिरवला. आपल्याकडे तो सर्वसामान्यांच्या हातात आला तो बऱ्याच नंतर. औरंगाबादेजवळ वाळूजला बजाजचा कारखाना 1985 सालीच आला होता आणि गल्लीतली मुले तिथे कामाला जात. पण कागदी फिल्टरची खरी ओळख मामूंच्या गॅरेजला झाली ती 2001च्या पल्सरनंतर. उजव्या बाजूला छोटे झाकण, आत अंगठ्याएवढा कागदी फिल्टर आणि एक ओ-रिंग. मामूंना तो खेळण्यासारखा वाटला. पहिला जुना फिल्टर त्यांनी ब्लेडने कापला, घड्या उलगडून कागदाची पट्टी उन्हात पसरली आणि दाढीला हात लावून वाचत बसले. वाचत बसले असेच म्हणायला हवे. उर्दूही ते अडखळत वाचत, पण ती पट्टी सरळ वाचली. "क्लच घासला आहे," म्हणाले. गाडीवाला चाट पडला, तो खरेच क्लच अर्धा दाबून चालवीत असे.

क्लचचा भुगा इंजिनाच्या फिल्टरमध्ये कसा? कारण या नव्या गाड्यांत तेल एकच. इंजिन, क्लच, गिअर सगळे त्याच तेलात बुडालेले. बुलेटमध्ये तीन घरांची तीन चुलीवर भाकरी होती, इथे एकत्र कुटुंब. मोटारीचे तेल अशा गाडीत घातले तर क्लच घसरू शकतो, म्हणून जपानी उत्पादकांनी 1998 साली जासोचे वेगळे मानक काढले. डब्यावर 'एमए' लिहिलेले असते ते त्याचेच. फिल्टरच्या बाजूने पाहिले तर त्याला आता तीन जागांचा मळ एकट्याने झेलायचा आहे. बुलेटही 2008नंतर याच वाटेने गेली. नव्या इंजिनात तेलाचा वेगळा कप्पा राहिला नाही, गिअरबॉक्स इंजिनाच्याच अंगात आला आणि नमद्याच्या जागी कागद बसला. नाव बुलेट असले तरी जुन्या इंजिनाचा फिल्टर नव्याला चालत नाही आणि नव्याचा जुन्याला. दुकानात नुसते "बुलेटचा द्या" म्हणणे म्हणजे मी 1997 साली केलेली चूक पुन्हा करणे. इंजिन कोणते, वर्ष कोणते, हे सांगावे, आणि सुट्या भागाचा नंबर गाडीच्या पुस्तकातून टिपून न्यावा. जुना फिल्टर पिशवीत घालून सोबत न्यावा, दुकानदार हसला तरी.

नव्याजुन्याची तुलना करताना मामू तीन-चार गोष्टी पाहत. उंची. टोकांची भोके आणि त्यांचा रबर. घड्या समान अंतरावर आहेत की एका बाजूला ओढलेल्या. नकली फिल्टरात घड्या कमी असतात आणि डिंक जास्त. काही फिल्टरांना उलटसुलट बाजू असते, 'आउटसाइड' असे लिहिलेलेही असते. उलटा बसवला तर तेलाची वाटच बंद होऊ शकते. ओ-रिंग दर वेळी नवी, जुनी झाकणात चिकटून राहिलेली नाही ना हे बोट फिरवून पाहायचे. कंपनीचा फिल्टर आणि बाहेरचा नावाजलेला फिल्टर यांत त्यांना फारसे वावडे नव्हते. वेष्टनाशिवायच्या मालाला मात्र ते हात लावत नसत, आणि त्याचे कारण गॅरेजात सगळ्यांना माहीत होते.

जुनी बुलेट अजून ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी एक काम जास्तीचे. नवा नमदा बसवला की तो खड्डा रिकामा असतो. तो भरेपर्यंत बिग एंडला तेल जात नाही. म्हणून झाकण लावण्याआधी आत तेल ओतायचे, नमदा तेलात भिजवून घ्यायचा, आणि डीकम्प्रेसर ओढून वीस-पंचवीस निवांत किका मारायच्या. मगच गाडी सुरू करायची. हे मी 1997 साली केले नव्हते. आखूड नळीने नुकसान केले की कोरड्या सुरुवातीने, की दोहोंनी मिळून, याचा निवाडा मामूंनी कधी दिला नाही. मी खोदून विचारले तर म्हणत, "दोन्ही तुझेच होते ना? मग वाटणी कशाला करतोस?"

अब्बांनी ती गाडी दुरुस्तीनंतर नऊ वर्षे चालवली. निवृत्त झाले त्या दिवशी खुलदाबादहून येताना घाटाच्या वर थांबून त्यांनी इंजिन बंद केले, पाच मिनिटे बसले आणि मग आले, असे त्यांच्या सहकाऱ्याने सांगितले. मामू आता गॅरेजात बसत नाहीत, डोळ्यांनी दगा दिला. मुलगा चालवतो. मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने त्याच्या नव्या 350चा फिल्टर घरीच बदलला आणि जुना मामूंना दाखवायला घेऊन गेला. मीही बरोबर होतो. मामूंनी घड्यांवरून अंगठा फिरवला, बोटे नाकाशी नेली, पुन्हा अंगठा फिरवला.

"मैला आहे," म्हणाले. "अच्छा आहे." मग मान माझ्या दिशेने वळवून, "ओ-रिंग नवी टाकली का याने?"

भाच्याने खिशातून जुनी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.